जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा काय ?

संगणकासारख्या विषयावर बोलण्यास जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेडेगांवांतील एक सेवानिवृत्त शिक्षक पुढें यावा, याचें आपणांस नवल वाटेल. मलाही तें वाटतें. परंतु आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो जितका यंत्रशास्त्राचा आहे तितकाच हिशेबाचा आहे; आणि मुलांना हिशेब शिकविण्यांतच माझें आयुष्य गेलें.

प्रश्न असा आहे. घरांत सात-आठ वर्षांपूर्वीं मुलाच्या हौसेखातर घेतलेला खेळांचा संगणक आहे. तो बंद पडलेला नाहीं, पण नव्या खेळांपुढें धापा टाकूं लागला आहे. मुलगा म्हणतो, याचा प्रोसेसर जुना झाला, तो बदलूं या. वडिलांना प्रोसेसर म्हणजे काय हें ठाऊक नसतें. त्यांना एवढेंच दिसतें कीं कांहीं हजार रुपयांचें हें काम आहे. अशा वेळीं होय म्हणावें कीं नाहीं म्हणावें, आणि तें कशाच्या आधारें ?

आमच्या रोहण्याच्या घरीं हा प्रश्न गेल्या दिवाळींत, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरांत, उभा राहिला. माझा नातू नागपुरास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. त्याचा संगणक आम्हीं २०१८ सालीं, तो आठवींत असतांना घेतला. त्यांत ए.एम.डी. कंपनीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर, एनव्हिडिया कंपनीचें जीटीएक्स १०६० हें ग्राफिक्स कार्ड, आठ जीबीची रॅमची एकच पट्टी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, अशी सामग्री होती. सुटींत येतांना तो हें यंत्र गोधडींत गुंडाळून एस.टी.तून घेऊन आला, आणि फराळाचें ताट पुढें आलें असतांनाच म्हणाला, “आबाजी, आतां प्रोसेसर बदलल्याशिवाय गत्यंतर नाहीं. खेळांत ऐन चकमकीच्या वेळीं चित्र अडकतें. बाबांना तुम्ही सांगा.”

त्यानें नागपुरांतील एका दुकानांतून अंदाज काढून आणला होता. नवा प्रोसेसर, तो बसेल असा नवा मदरबोर्ड आणि नव्या जातीची रॅम, असा सारा सरंजाम पन्नास हजारांच्या घरांत जात होता. माझ्या मुलाची परिस्थिति अशी होती कीं, सोयाबीनचे पैसे हातीं आले होते, पण विहिरीवरची मोटार जळालेली होती आणि हरभऱ्याचें ओलित तोंडावर आलें होतें. त्यानें कागद पाहिला व माझ्याकडे सरकविला. फार झालें तर वीस हजार, तेंही मोटार बसल्यानंतर, एवढेंच तो म्हणाला. नातवाचा चेहरा उतरला. दोघेही आपापल्या परीनें बरोबर होते, म्हणून मीं ठरविलें कीं निर्णय देण्यापूर्वीं तपासणी करावयाची.

तपासणीचें पहिलें सूत्र मला संगणकाच्या पुस्तकांत सांपडलें नाहीं. तें मला रेल्वेनें शिकविलें. आमच्या भागांतून पुलगांव-आर्वी ही अडीच फुटी रुळांची गाडी धांवत असे. आतां ती बंद आहे. तिच्याच कंपनीची दुसरी गाडी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावर होती. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. तिचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालें, १९२३ पासून तें या मार्गावर धांवलें आणि तब्बल सत्तर वर्षांनीं, १५ एप्रिल १९९४ रोजीं, त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. इंजिन नवें झालें. पण रूळ तेच, पूल तेच. त्यामुळें गाडी शेवटपर्यंत संथ ती संथच राहिली. इंजिनाच्या अंगीं वेग होता, पण तो घेण्याची शक्ति मार्गांत नव्हती. संगणकाचा प्रोसेसर बदलूं पाहणाऱ्या प्रत्येकानें प्रथम हेंच विचारावें कीं, माझ्या गाडीस मागें ओढणारें इंजिन आहे कीं रूळ ?

आतां खेळांच्या संगणकांत इंजिन कोणतें व रूळ कोणते, हें पाहूं. पडद्यावर हलणारें चित्र हें खरोखर स्थिर चित्रांची मालिका असतें. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं, तर एका चित्रास सेकंदाचा सुमारें १६.७ सहस्रांश एवढा वेळ मिळतो. १४४ दाखवावयाचीं, तर सातच्याही आंत. तेवढ्या अवधींत दोन कामें पुरीं व्हावीं लागतात. शत्रु कोठें गेला, गोळी कोणास लागली, दार उघडलें कीं नाहीं, हा सारा विचार करून चित्राचा आराखडा तयार करणें हें प्रोसेसरचें काम. त्या आराखड्याप्रमाणें रंग, प्रकाश, छाया भरून चित्र उमटविणें हें ग्राफिक्स कार्डाचें काम.

आपल्या स्वयंपाकघरांत एकजण पोळ्या लाटते व दुसरी भाजते, तसाच हा प्रकार आहे. लाटणारी मागें पडली तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी मागें पडली तर लाटलेल्या पोळ्यांची चळत सांचते. दोन्ही प्रसंगीं पंगतीला पोळी उशिरांच येते. जेवणाऱ्यास कारण कळत नाहीं. पण स्वयंपाकघरांत डोकावून पाहणाऱ्यास तें तात्काळ कळतें. तवा रिकामा असेल तर दुसरा तवा आणून उपयोग नाहीं. चळत सांचली असेल तर आणखी एक लाटणारी बसवून उपयोग नाहीं.

संगणकांत असें डोकावून पाहण्याची सोय आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. खेळ चालू असतांना ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामांत आहे हें दाखविणारे आंकडे पडद्याच्या कोपऱ्यांत आणतां येतात. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्के कामांत गुंतलेलें असेल, तर तवा भरलेला आहे. प्रोसेसर बदलून फारसें हाताला लागणार नाहीं. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि तरीही चित्रांची गति उणी पडत असेल, तर संशय प्रोसेसरवर किंवा त्यास माल पुरविणाऱ्या रॅमवर घ्यावा. मात्र खेळाला किंवा पडद्याला गतीची मर्यादा घातलेली असल्यास ती आधीं काढावी, नाहीं तर हा आंकडा फसवितो.

या परीक्षेस दुसऱ्या एका परीक्षेची जोड द्यावी. खेळाच्या मांडणींत जाऊन चित्राचें रिझोल्यूशन, म्हणजे बारकावा, पुष्कळ कमी करावा. त्यामुळें कार्डाचें काम हलकें होतें, पण प्रोसेसरचें काम जवळजवळ तेवढेंच राहतें. असें केल्यावर सेकंदास मिळणारीं चित्रें भराभर वाढलीं, तर अडवणूक कार्डाची होती. तीं तितकींच राहिलीं, तर अडवणूक प्रोसेसरच्या बाजूस आहे. भाजणारीचें काम हलकें करूनही पोळ्या वाढल्या नाहींत, तर लाटणारीकडे पाहावें, इतकें हें सरळ आहे.

येथें एका चुकीपासून आपणांस सावध करितों, कारण ती मींच केली. प्रोसेसरच्या कामाचा आंकडा अवघा ४० टक्के दिसला तेव्हां मीं नातवास म्हटलें, “अरे, तुझा प्रोसेसर तर निम्मा रिकामा बसला आहे !” तो हंसला. या प्रोसेसरांत सहा गाभे आहेत, आणि ४० टक्के ही साऱ्यांची सरासरी आहे. पुष्कळसे खेळ आपला मुख्य भार एकदोन गाभ्यांवरच टाकतात. सहा मजुरांपैकीं एकाच्या डोक्यावर सारें ओझें व बाकीचे सावलींत, अशी ती स्थिति असते. म्हणून प्रोसेसरचा एकूण आंकडा लहान दिसला तरी तो निर्दोष ठरत नाहीं.

सरासरीचा फसवेपणा आणखी एके ठिकाणीं दिसतो. शिक्षक या नात्यानें मला तो चांगला परिचित आहे. वर्गाची सरासरी साठ गुण निघाली म्हणजे वर्गांत नापास कोणी नाहीं असें होत नाहीं. खेळाची गति सरासरीनें १२० चित्रें दिसली, तरी मधूनच एखादा क्षण असा येतो कीं, ती एकदम ५० वर घसरते, आणि नेमका तोच क्षण चकमकीचा असतो. जाणकार मंडळी म्हणूनच सर्वांत मंद अशा एक टक्का चित्रांची गति निराळी मोजतात. खेळणाऱ्यास जो हिसका जाणवतो तो या नापास विद्यार्थ्यांचा असतो, आणि त्याचें मूळ पुष्कळदां प्रोसेसर, रॅम अथवा उष्णता यांत असतें.

या रीतीनें आम्हीं दोन दिवस मोजमाप केलें. नातवानें आंकडे सांगावे व मीं जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ते लिहावे. निष्कर्ष दुहेरी निघाला. मोठ्या कथानकाच्या, डोळे दिपविणाऱ्या नव्या खेळांत कार्ड ९८ टक्के गुंतलेलें होतें. तेथें दोष प्रोसेसरचा नव्हता. पण तो मित्रांबरोबर रोज खेळतो त्या ‘व्हॅलोरंट’ व ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळांत कार्ड रिकामें राहून गति घसरत होती. तेथें त्याची तक्रार खरी होती.

तरीही मीं प्रोसेसर घेऊं दिला नाहीं, कारण प्रोसेसर मंद असणें आणि त्यास मंद केलें जाणें या भिन्न गोष्टी आहेत. आम्हीं कॅबिनेट उघडलें. हा संगणक पांच वर्षें आमच्या माडीवर, वेंचलेला कापूस सांठवितात त्या खोलीच्या शेजारीं होता. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा जो धातूचा ठोकळा व पंखा असतो, त्याच्या पात्यांमध्यें कापसाचे तंतु व धूळ यांची नमद्यासारखी घडी बसली होती. प्रोसेसर व तो ठोकळा यांच्यामधील थर्मल पेस्टही सुकून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर ठराविक मर्यादेपलीकडे तापला म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करितो. वर्धा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. ज्या यंत्रास थंड करावयाचें तें मुळांत अशा हवेंत चालतें. म्हणून आपल्याकडे वर्षांतून एकदां तरी यंत्र झटकून स्वच्छ करणें आणि दोनचार वर्षांनीं पेस्ट बदलणें हें मोटारीचें तेल बदलण्याइतकेंच आवश्यक आहे. या दुरुस्तीस कांहीं शें रुपये लागले.

दुसरा दोष रॅमचा होता. साध्या घरगुती मदरबोर्डांत प्रोसेसर व रॅम यांच्यामध्यें बहुधा दोन वाटा असतात. रॅमची पट्टी एकच असेल तर एकच वाट चालू राहते. पहिल्या पिढीचे रायझन प्रोसेसर रॅमच्या गतीवर विशेष अवलंबून असल्यामुळें त्यांना ही उपासमार अधिकच जाणवते. शिवाय आठ जीबी रॅम आजच्या खेळांस अपुरी पडते, ती गोष्ट निराळीच. नातवाच्या मित्रानें त्याच जातीची एक वापरलेली पट्टी दिली. ती मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या खांचेंत बसविली, आणि रॅमची छापील गति मांडणींत जाऊन चालू केली. कारण ती आपोआप चालू होतेच असें नाहीं. तिसरें काम म्हणजे फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी घेतली. तिनें चित्रांची गति सहसा वाढत नाहीं. पण खेळ उघडण्यास लागणारा वेळ आणि माल तबकडीवरून येतांना होणारा खोळंबा नाहींसा होतो.

या तिन्ही कामांस मिळून पांच हजारांच्या आंत खर्च आला. नातू पुन्हां मोजमाप करूं लागला, आणि त्यास मान्य करावें लागलें कीं, अर्धी तक्रार गेली. मीं त्यास म्हटलें, “उरलेल्या अर्ध्या तक्रारीसाठीं संक्रांतीपर्यंत थांब. तोंवर मोटार बसूं दे, कापूस विकूं दे. संक्रांतीनंतरही तक्रार राहिली तर प्रोसेसर घेऊं.” श्रोतेहो, हा विलंब कंजूषपणाचा नव्हता. पुष्कळ खरेद्या अशा असतात कीं, त्यांची निकड दोन महिन्यांत आपोआप ओसरते. आणि जी ओसरत नाहीं ती खरी असते.

संक्रांत आली. तक्रार लहान झाली होती, पण राहिली होती. आतां दुसरा प्रश्न आला: प्रोसेसर कोणता घ्यावा ?

येथें पहिला न्यायाधीश मदरबोर्ड असतो. प्रोसेसर ज्या बैठकींत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि सॉकेट जुळल्याखेरीज पुढें बोलणेंच नको. परंतु सॉकेट जुळलें म्हणजे काम झालें असेंही नाहीं. इंटेल कंपनीचे २०१५ मधील सहाव्या पिढीचे आणि २०१७ च्या अखेरीस आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसर यांच्या सॉकेटाचा क्रमांक एकच, ११५१. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर चालत नाहीं, त्यास नवा मदरबोर्ड लागतो. क्रमांक पाहून खरेदी केलेल्या कित्येकांस हा धडा महागांत पडला. म्हणून मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीनें प्रसिद्ध केलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी, व आपल्या मदरबोर्डाचें पूर्ण नांव तिच्याशीं अक्षरशः ताडून घ्यावें.

आमच्या सुदैवानें नातवाचें सॉकेट ए.एम. ४ या जातीचें होतें, आणि ही जात दीर्घायुषी निघाली. २०१७ सालीं पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटांत बसले. २०२२ पासून त्या आरंभीच्या पुष्कळशा मदरबोर्डांवरही ५००० मालिकेचे नवे प्रोसेसर चालूं लागले. म्हणजे मदरबोर्ड तोच, रॅम तीच, कार्ड तेंच, आणि केवळ प्रोसेसर नवा, ही गोष्ट शक्य होती. पन्नास हजारांचा अंदाज ज्या ए.एम. ५ सॉकेटाचा होता, त्यांत जुनी रॅम चालतच नाहीं. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किंमती जगभर भडकल्या होत्या. हातची रॅम उपयोगांत राहणें हाच त्या वेळीं मोठा लाभ होता.

जुन्या यंत्रास नवा प्रोसेसर देणें हें कांहीं केवळ पोरांचें काम आहे असें समजूं नये. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो ट्रान्सप्युटर नांवाच्या प्रोसेसरांच्या समूहावर उभा होता. पुढें गणिताचें बळ अपुरें वाटूं लागलें तेव्हां ‘परम ८६००’ मध्यें इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर आणला गेला. पण ट्रान्सप्युटर टाकून दिले नाहींत. गणित नव्यानें करावें व आपसांतील निरोपांची नेआण जुन्यानें सांभाळावी, अशी वांटणी झाली. जेथें बळ उणें तेथेंच भर घालावी, चालणारें टाकूं नये, हा विवेक महासंगणकासही लागू पडला, मग घरच्या संगणकास कां न पडावा ?

दुसरा न्यायाधीश ग्राफिक्स कार्ड. त्याच सॉकेटांत बसणारा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर २०२२ च्या एप्रिलांत आला. त्याच्या पोटांत ९६ एमबीची तिसऱ्या पायरीची कॅश, म्हणजे अगदीं हाताशीं असलेली स्मृति आहे. नातवाच्या प्रोसेसरांत ती १६ एमबी होती. खेळांसाठीं तो नामांकित आहे, व नातवाचें मन त्यावर व त्याच्या भावंडांवर गेलें होतें. पण जीटीएक्स १०६० सारख्या २०१६ च्या कार्डापुढें तो बसविणें म्हणजे शकुंतलेच्या रुळांवर आगगाडीचें जलद इंजिन चढविण्यासारखें झालें असतें. शिवाय तो अधिक वीज ओढतो व अधिक तापतो. जुन्या, हलक्या प्रतीच्या मदरबोर्डावरील वीजपुरवठ्याचे भाग व जुना एसएमपीएस यांना तें मानवेलच असें नाहीं. त्यापेक्षां रायझन ५ ५६०० हा सहाच गाभ्यांचा, ३२ एमबी कॅशचा आणि पहिल्याइतक्याच, म्हणजे ६५ वॅटच्या प्रतीचा प्रोसेसर पुरेसा होता. गाभ्यांची संख्या वाढली नाहीं म्हणून नातू साशंक होता. पण खेळांत प्रत्येक गाभ्याचा स्वतःचा वेग मोठा असावा लागतो, आणि चार पिढ्यांत तो पुष्कळ वाढला आहे. दुकानदारानें त्याची किंमत बारा हजारांच्या आंत सांगितली.

तिसरी गोष्ट खेळाची नसून सुरक्षिततेची होती, आणि माझें मत अखेर तिनेंच वळविलें. विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादींत इंटेलच्या बाजूनें साधारणपणें आठव्या पिढीपासूनचे व ए.एम.डी.च्या बाजूनें रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत. नातवाचा १६०० त्या उंबरठ्याच्या बाहेर होता. ज्या यंत्रावर मुलगा महाविद्यालयाचे प्रकल्प करितो व पैशांचे व्यवहार करितो, तें कायमचें बेवारशी सोडणें योग्य नव्हे. नवा प्रोसेसर हा प्रश्नही सोडवीत होता. ज्यांच्या घरीं याच सुमाराचें यंत्र आहे त्यांनीं खेळाचा विचार बाजूस ठेवूनही हा मुद्दा तपासावा.

आतां प्रत्यक्ष कृति. येथें दोन धोके आहेत. पहिला बायोसचा. संगणक चालू होतांच जी मूळ आज्ञावली जागी होते ती बायोस. नवा प्रोसेसर बसविण्यापूर्वीं, जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच, ती अद्ययावत करावी लागते. नाहीं तर मदरबोर्ड नव्यास ओळखत नाहीं व पडदा काळाच राहतो. हें काम कांहीं मिनिटांचें असतें, पण त्या अवधींत वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा भरंवसा कोणीं द्यावा ? आम्हीं शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणला, त्याची बॅटरी पूर्ण भरली आहे हें पाहिलें, आणि मग आरंभ केला. खोटें कशास सांगूं, त्या सात मिनिटांत माझी नजर पडद्यावर नसून वरच्या दिव्यावर होती. दिवा एकदां लुकलुकला आणि पुन्हां स्थिर झाला. यूपीएसनें एक बारीक शीळ घातली. पडद्यावरची पट्टी सरकत राहिली.

दुसरा धोका हातांचा. ए.एम. ४ जातींत बारीक पिना प्रोसेसरच्याच पोटाशीं असतात, आणि त्या एक हजार तीनशेंवर आहेत. पेस्ट सुकून चिकटलेली असल्यास पंख्याचा ठोकळा उचलतांना प्रोसेसर सॉकेटांतून उपटून त्याबरोबरच वर येतो व पिना वांकतात. म्हणून संगणक अगोदर थोडा वेळ चालवून पेस्ट ऊन होऊं द्यावी, मग वीज पूर्ण तोडून ठोकळा हळूहळू इकडेतिकडे फिरवून सैल करावा, आणि नंतरच उचलावा. अंगांतील स्थिर विजेसाठीं कॅबिनेटच्या धातूस हात लावून घ्यावा. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरील त्रिकोणाची खूण जुळवून ठेवावा. तो आपल्या वजनानेंच खालीं बसतो, दाबावा लागत नाहीं. दाबावा लागला तर कांहीं तरी चुकलें आहे असें समजावें.

यंत्र चालू झालें. पुन्हां हजेरीपट उघडला. मित्रांबरोबरच्या खेळांत चकमकीच्या वेळीं जी गति पूर्वीं साठाच्या खालीं घसरे, ती आतां शंभराच्या वर राहूं लागली. मोठ्या कथानकाच्या खेळांत मात्र जवळजवळ कांहींच फरक पडला नाहीं. कारण तेथें तवाच लहान आहे. हें आम्हांस अगोदरच ठाऊक असल्यामुळें निराशा झाली नाहीं. पैसे देण्यापूर्वीं काय मिळणार व काय मिळणार नाहीं हें कळलें असेल, तर पश्चात्तापास जागा उरत नाहीं. सारा खर्च मिळून सतरा हजारांच्या आसपास गेला. विहिरीची मोटार त्यापूर्वींच फिरूं लागली होती.

आमचा निर्णय तो आपला निर्णय असावाच असें नाहीं. ज्यांचें कार्ड सदैव पूर्ण गुंतलेलें आहे, त्यांनीं प्रोसेसरकडे वळूं नये. तेच पैसे कार्डाकडे लावावे. ज्यांच्या सॉकेटांत आज आहे त्याहून फारसा चांगला प्रोसेसर बसूंच शकत नाहीं, त्यांनीं तुटपुंज्या सुधारणेसाठीं जुन्या मालाच्या बाजारांत भटकूं नये. पैसे सांठवून पुढें मदरबोर्डासह सारा पाया बदलावा. जुना प्रोसेसर घेण्याचाच प्रसंग आला तर पिना डोळ्यांनीं पाहून, चालवून दाखविल्यावर घ्यावा. आणि ज्यांस आपल्या यंत्रावर समाधान आहे, त्यांनीं केवळ नवें निघालें म्हणून कांहींच घेऊं नये.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलगा असा कागद घेऊन पुढें आला तर “खेळासाठीं कशाला पैसे” म्हणून तो फेंकून देऊं नका, आणि लाडानें सहीही करूं नका. त्याच्याजवळ बसा व म्हणा, “चल, मोजून पाहूं.” माझ्या नातवानें त्या दोन महिन्यांत जें मोजलें, वाट पाहून जें पडताळलें आणि शेवटीं स्वतःच्या हातानें जें बसविलें, तें त्यास परीक्षेच्या पुस्तकांतून शिकतां आलें नसतें. परत जातांना त्यानें जुना प्रोसेसर माझ्या टेबलावर ठेवला. मित्राच्या लहान भावाचा संगणक तो मेअखेर जोडून देणार आहे; हा प्रोसेसर तेथें बसेल काय, हें मदरबोर्डाच्या यादींत पाहून ठेवण्याचें काम त्यानें मजकडे सोंपविलें आहे.